लेवाँटिन, रिचर्ड चार्ल्स
(२९ मार्च १९२९ – ४ जुलै २०२१). अमेरिकन उत्क्रांती-आनुवंशिकीविज्ञ. जन्म न्यूयॉर्क येथे. हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर कोलंबिया विद्यापीठात थिओडोसियस डॉबझॅन्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली (१९५४).

निसर्गातील एकाच जातीच्या जीवांत जनुकीय विविधता किती असते, हा त्या काळी तर्कानेच लढवला जाणारा वाद होता. शिकागो विद्यापीठात जॉन हबी यांच्यासह लेवाँटिन यांनी तो मोजमापाच्या कक्षेत आणला. फळमाशीची प्रथिने जेलमध्ये ठेवून त्यांतून विद्युत्‌प्रवाह सोडला, की विद्युत्‌भार वेगळा असलेली रूपे वेगवेगळे अंतर कापतात. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत तपासलेल्या १८ जनुकस्थानांपैकी सुमारे तिसरा हिस्सा बहुरूपी, म्हणजे एकाहून अधिक रूपांत असलेला, आढळला. एवढी विविधता नैसर्गिक निवडीने टिकते कशी, हे कोडे त्यातून उभे राहिले आणि बरीचशी जनुकीय विविधता निवडीच्या दृष्टीने तटस्थ असते, या मोटू किमुरा यांच्या तटस्थ सिद्धांताच्या चर्चेला त्याने खाद्य पुरवले.

मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५% एकेका लोकसमूहाच्या आतच असते, हा त्यांचा १९७२ चा निष्कर्ष वंशभेदाच्या जैविक समर्थनाला जबर धक्का देणारा ठरला. अनेक जनुकांचा एकत्रित विचार केल्यास माणसाचा लोकसमूह ओळखता येतो, हा ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांचा २००३ चा आक्षेप रास्त आहे; मात्र त्याने मूळ आकडा खोटा ठरत नाही.

१९७३ पासून ते हार्वर्डमध्ये होते. प्रत्येक गुणधर्माला अनुकूलनाची कथा चिकटवण्याच्या सवयीवर त्यांनी स्टीफन जे गूल्ड यांच्यासह लिहिलेला टीकालेख (१९७९) विशेष गाजला. मार्क्सवादी भूमिका त्यांनी कधी लपवली नाही. केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे त्यांचे निधन झाले.