बिछडी भूजल प्रदूषण
राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच-आम्ल, म्हणजे ॲझो रंगांसाठी लागणारे मध्यवर्ती रसायन, तयार होऊ लागले. सुमारे ३७५ टन उत्पादनामागे उरलेला २,४४० टन विषारी गाळ उघड्यावर पडून राहिल्याने त्यातून झिरपलेल्या पाण्याने विहिरी नासल्या. उत्पादन थांबले तरी गाळ, आणि म्हणून प्रदूषणही, जागीच राहिले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) प्रदूषणाची व्याप्ती तपासली. अशा तपासात पाण्याचा रंग पुरावा ठरत नाही. भूजल ज्या दिशेने वाहते तिच्या वरच्या अंगाला असलेल्या स्वच्छ विहिरीशी तुलना करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी या तत्त्वानुसार, शुद्धीकरणाचा खर्च कारखान्यांवर टाकला.