अंतर

१९८४ च्या ऑगस्टमध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, तेव्हा कल्याणच्या आमच्या घरात रेडिओपाशी बसून माझी धाकटी बहीण रडली होती. ती शाळेत धावायची. अंतर जितकं लांब, तितकी ती खुलायची. पण आमच्याकडे मुलींच्या शर्यती लवकरच संपत. अब्बांनी तिला कधी अडवलं नाही. दहावीनंतर धावायचं कुठं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

दोष एकट्या कल्याणचा नव्हता. त्या वर्षापर्यंत ऑलिंपिकमध्येही बायकांची सर्वांत लांब शर्यत १५०० मीटरची होती. मॅरेथॉन १९८४ ला आली. स्टीपलचेस पुरुषांना १९०० पासून होती, स्त्रियांना २००८ ला बीजिंगमध्ये मिळाली. अंतर ३००० मीटर, वाटेत २८ अडथळे आणि शिवाय सात वेळा पाण्यावरची उडी.

या शर्यतीत मराठी नाव गाजलं ते ललिता बाबर यांचं. गाव मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथल्या मुलीनं पाण्यावरच्या उड्यांची शर्यत निवडली, हे मी कवितेत लिहिलं असतं तर संपादकांनी खोडलं असतं! त्या मूळच्या मॅरेथॉनपटू. २०१४ ला इंचिऑनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत स्टीपलचेसचं कांस्य, आणि लगेच जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांत पहिल्या, २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत. त्याच वर्षी वुहानला आशियाई सुवर्ण. तीन किलोमीटर आणि बेचाळीस किलोमीटर, दोन्ही एकाच पायांनी!

रिओत प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो २०२३ पर्यंत, पारुल चौधरीनं मोडेपर्यंत टिकला. अंतिम फेरी आपल्याकडच्या १५ ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळी होती. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत भारतीय स्त्री दिसायला उषानंतर बत्तीस वर्षं लागली होती. ललिता दहाव्या आल्या. पदक नाही म्हणून लोक हळहळले. मला ते दहावं स्थान फार मोठं वाटतं.

बहीण त्या दिवशी मुंब्र्याहून आली होती. पाण्यावरच्या सातही उड्या तिनं बोटांवर मोजल्या. शर्यत संपल्यावर म्हणाली, "भाई, आपल्या वेळी हे असतं, तर मी उडीत मार खाल्ला असता. अंतरात नाही."