वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१

नोंदणीकृत डॉक्टरने ठरावीक अटींवर केलेल्या गर्भपातास फौजदारी कारवाईपासून संरक्षण देणारा केंद्रीय कायदा. रूढ नाव ‘एमटीपी कायदा’. अंमल १ एप्रिल १९७२ पासून.

पार्श्वभूमी : भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार, स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी गर्भपात हा गुन्हा होता व तो करून घेणारी स्त्रीही दोषी ठरे. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवर हा कायदा आधारलेला आहे. त्यामागे लोकसंख्या-नियंत्रणाचा हेतू कितपत होता, याविषयी मतभेद आहेत.

तरतुदी : मूळ गुन्हा रद्द झालेला नाही, तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. एमटीपी कायद्याच्या कलम ३ ने त्याला अपवाद केला, तोही डॉक्टरच्या बाजूने. मागणी स्त्रीची असली, तरी कारण पुरेसे आहे की नाही हे डॉक्टर सद्भावनेने ठरवतो. १२ आठवड्यांपर्यंत एका, तर २० पर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीची लागत नाही. अज्ञान मुलीसाठी पालकाची लेखी संमती आवश्यक आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागल्यास आठवड्यांची मर्यादा नाही.

दुरुस्त्या : २००२ मध्ये खाजगी केंद्रांच्या मान्यतेचे काम जिल्हा समित्यांकडे आले. २०२१ च्या दुरुस्तीने एका डॉक्टरच्या मताची मर्यादा २० आठवड्यांवर नेली. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने, पण बलात्कारपीडित, अज्ञान मुली, गरोदरपणात विधवा वा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया अशा नियमांत नमूद गटांनाच परवानगी आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने निदान केल्यास ही मर्यादा लागू नाही. गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा बदल झाला.

न्यायनिर्णय : प्रजननविषयक निवड हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांची सवलत दिली. याच कायद्यापुरता वैवाहिक बलात्कारही बलात्कार मानला. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या गरोदर विवाहितेला न्यायालयाने परवानगी नाकारली.

अंमलबजावणी : मान्यताप्राप्त केंद्रे व प्रशिक्षित डॉक्टर ग्रामीण भागात कमी आहेत.