तळटीप : नगरच्या किल्ल्यातला चिनी चहा
१९४२च्या अटकेनंतर अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असलेले मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने ‘व्हाइट जॅस्मिन’ हा चिनी चहा करत आणि बिनदुधाचा, घोट घोट पीत. त्यांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकातील पत्रांत याचे रसाळ वर्णन आहे. या सवयीला चिनी आरोग्यपरंपरेचे पालन म्हणणे मात्र पटत नाही. त्या परंपरेत चहाही प्रकृती आणि ऋतू पाहून घ्यायचा असतो: हिरवा चहा थंड, आले उष्ण. आपल्याकडच्या सुंठ-गवती चहाच्या काढ्यामागचा विचारही याच जातीचा. आझादांचा भर आहे तो स्वादावर आणि पहाटेच्या एकांतावर. शिवाय जोडीला सिगारेट होतीच. ठरलेल्या वेळी, सावकाश पिणे हेही पथ्यच की, असे कोणी म्हणेल. ते रास्त आहे. पण एवढ्यावरून त्यांनी चहा औषध म्हणून घेतला, असे ठरत नाही.