आज्ञावलीचा लेखक कोण?

ज्ञानेश्वरीच्या परंपरेने स्वीकारलेल्या पाठात, ग्रंथाच्या अखेरीस, रचनेचा काल शके १२१२ असा दिलेला आहे. आणि त्याच ओवीत टीका ज्ञानेश्वरांनी केली व सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाले, असे सांगितले आहे. आजच्या वाचकास हे विधान क्षणभर चमत्कारिक वाटते. ज्याने ग्रंथ रचला तो लेखक नव्हे, आणि जो लेखक त्याने रचना केली नाही, हे कसे? उलगडा सोपा आहे. जुन्या भाषेत लेखक म्हणजे बोरू हाती धरून लिहून घेणारा. रचणारा तो कर्ता किंवा कवी. मुद्रणयुगात लिहून घेणाऱ्याचे काम संपले आणि त्याचे नाव मात्र कर्त्याला जाऊन चिकटले. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून आपण हा शब्द वर्गात नेहमी सांगतो. प्रस्तुत लेखात त्याची आठवण निराळ्या कारणासाठी केली आहे. रचणारा, लिहिणारा आणि मालक या तिघांची जी गाठ मुद्रणाने बांधली, ती संगणकाच्या आज्ञावलीने पुन्हा सोडविली आहे, आणि या घटनेचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगा आहे.

आज्ञावली हे वाङ्मय आहे काय, हा यातील पहिला प्रश्न. त्याची पूर्वपीठिका एका वाद्यात सापडते. स्वयंचलित पियानोसाठी छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या विकल्या जात. त्या गुंडाळ्या म्हणजे मूळ स्वरलिपीची प्रत होय किंवा नव्हे, असा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. आणि १९०८ साली न्यायालयाने निर्णय दिला की, जे माणसास वाचता येत नाही ती प्रत नव्हे. पुढल्याच वर्षी कायदा बदलून संगीतकारांची सोय लावण्यात आली. परंतु वाचणारा माणूसच असला पाहिजे, हा विचार तेथे रुजला तो रुजलाच.

१९७४ साली अमेरिकन काँग्रेसने नव्या तंत्रांच्या संदर्भात प्रताधिकाराचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १९७८ साली आला. आज्ञावलीस वाङ्मयीन कृतीचे संरक्षण मिळावे, असा बहुमताचा कौल होता. या कौलास विरोध करणारी भिन्नमतपत्रिका लिहिली ती कोणा वकिलाने नव्हे, तर ‘हिरोशिमा’ या पुस्तकाचे कर्ते जॉन हर्सी यांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, लेखन हे माणसाने माणसाशी केलेले संभाषण असते. पूर्ण झालेली आज्ञावली यंत्राशी बोलते आणि यंत्राचाच एक भाग होऊन जाते. तिला लेखकाचा हक्क देणे म्हणजे यंत्राच्या सुट्या भागाला काव्याच्या पंक्तीस बसविणे होय. काँग्रेसने त्यांचे ऐकले नाही. १९८० साली कायद्यात दुरुस्ती झाली.

हर्सी यांचा युक्तिवाद मला आजही निम्माच पटतो. यंत्रात चालणारी शून्य आणि एक यांची संहिता कोणी वाचीत नाही, हे खरे. परंतु आज्ञावलीकार ज्या मूळ संहितेत काम करतो, तिच्यात तो राशींना अर्थपूर्ण नावे देतो, ओळींच्या कडेला पुढच्या माणसासाठी टिपा लिहितो, आणि दुसऱ्याची गबाळी संहिता दुरुस्त करावयास लागली म्हणजे चिडतोही. हा सारा व्यवहार माणसामाणसांतला आहे. हर्सी यांनी परिणामाकडे पाहिले. लिहिण्याच्या कृतीकडे त्यांचे लक्ष कमी गेले. इतक्या मोठ्या वार्ताहराकडून हे व्हावे, याचे नवल वाटते.

कायदा झाला तरी न्यायालयांचा संशय लगेच गेला नाही. फ्रँकलिन नावाच्या कंपनीने ॲपल कंपनीच्या ॲपल-२ या संगणकाशी जुळणारे यंत्र बाजारात आणले आणि त्यासाठी ॲपलच्या चौदा आज्ञावल्या जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या. रॉममध्ये कोरलेली यंत्रसंहिता ही ‘कृती’ ठरते किंवा नाही याविषयी शंका घेऊन पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने १९८२ साली तात्पुरता मनाईहुकूम नाकारला. ऑगस्ट १९८३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय फिरविला. तो सर्वत्र उद्धृत केला जातो. त्यातील एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच मोलाचा आहे. जेम्स ह्यूस्टन या ॲपलच्या आज्ञावलीकाराने एका आज्ञावलीच्या पोटात स्वतःचे नाव घालून ठेवले होते. ते नाव फ्रँकलिनच्या चकतीवर जसेच्या तसे निघाले. नकल झाल्याचा याहून ढळढळीत पुरावा तो कोणता! अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा घालतात. तशीच ही मुद्रा. पण तिच्या बळावर जो हक्क शाबीत झाला तो ह्यूस्टन यांचा नव्हता, त्यांच्या मालकाचा होता.

याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीत नावाच्या प्रश्नाने उघड भांडणाचे रूप घेतले. अटारी कंपनी घरगुती खेळांची यंत्रे विकत असे. एकेक खेळ एकेकट्या माणसाने रचलेला असे: कल्पना त्याची, संहिता त्याची, चित्रे आणि आवाजही त्याचेच. खोक्यावर मात्र त्याचे नाव येत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त दालन बांधले. एक ठिपका, तोही पार्श्वभूमीच्याच रंगाचा, उचलून योग्य जागी नेला म्हणजे ते दालन उघडे आणि तेथे खेळ कोणी रचला हे झळकत असे. रॉबिनेट यांनी ही गोष्ट कोणास सांगितली नाही आणि नोकरी सोडली. १९८० साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने कंपनीस पत्र पाठवून हा शोध कळविला तेव्हा कोठे तो उघडकीस आला. तोवर असंख्य प्रती विकल्या गेल्या होत्या.

त्याच कंपनीच्या डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी मानधन आणि नाव अशा दोन्ही मागण्या मालकापुढे ठेवल्या. खेळ बनविण्यात तुमचा वाटा खोकी जुळविणाऱ्या कामगारांहून अधिक नाही, असे उत्तर मिळाल्याचे क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. चौघे बाहेर पडले. १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही संस्था निघाली आणि तिने रचनाकारांची नावे ग्राहकांपुढे ठेवावयास आरंभ केला. अटारीने दावा लावला. तो १९८२ साली तडजोडीने मिटला. क्रेन प्रभृतींची बाजू घेताना येथे एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. खोकी जुळविणाऱ्याशी तुलना झाल्याचा जो राग त्यांना आला, त्यात जुळविणाऱ्यांविषयीची तुच्छताही थोडी होतीच.

आता कायद्याच्या शब्दांकडे वळू. अमेरिकेच्या १९७६च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा ‘कर्ता’ म्हणून मालकच धरला जातो. प्रत्यक्ष लिहिणारा व्याकरणातूनच नाहीसा होतो. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार अधिनियमाची भाषा वेगळी आहे. कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर, अशा कृतीचा पहिला ‘स्वामी’ मालक असतो. कर्ता मात्र कर्ताच राहतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे, प्रताधिकार संपूर्णपणे दुसऱ्यास दिल्यावरही कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची विकृती रोखण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. हा दुसरा हक्क एकनाथांना ओळखीचा वाटला असता. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर तीत कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत, म्हणून त्यांनी कडक शब्दांत बजावले होते. आज्ञावलीपुरता आपल्या कायद्याने त्यास अपवाद केला आहे: कायदेशीर धारकाने ती ज्या कामासाठी घेतली त्या कामापुरता फेरफार केला, तर कर्त्यास तक्रार करता येत नाही. संहिता रोज दुरुस्त होते हे ध्यानात घेता हा अपवाद रास्तच म्हणावा लागेल. नाव सांगण्याच्या हक्काला मात्र असा अपवाद केलेला नाही.

आज्ञावलीचा समावेश ‘वाङ्मयीन कृती’ या संज्ञेत १९८४च्या दुरुस्तीने झाला. आज त्या व्याख्येत कोष्टके, संकलने आणि संगणकीय विदासंग्रहही येतात. म्हणजे हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा उरलेला नाही. आमच्याच विभागातून बाहेर पडलेले विद्यार्थी मराठी क्रियापदांच्या रूपांची कोष्टके, शब्दसंग्रह, उच्चारकोश अशी कामे खाजगी कंपन्यांत करतात. एका सामान्यरूपाची हजारो उदाहरणे तपासून नियम बांधणारी मुलगी कायद्याच्या भाषेत वाङ्मयीन कृतीची कर्ती आहे. तिच्या करारपत्रात मालकीचे कलम दोन पानांचे असते. नावाविषयी त्यात बहुधा चकार शब्दही नसतो, आणि ती विचारीतही नाही.

आज्ञावलीकारांनी आपल्यापुरता एक मार्ग शोधून काढला आहे. २००५ साली लायनस टोरव्हाल्ड्स यांनी ‘गिट’ हे साधन रचले. संहितेतील प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद ते ठेवते. त्या नोंदीत दोन निरनिराळी नावे असू शकतात: एक ज्याने बदल रचला त्याचे, दुसरे ज्याने तो संग्रहात नोंदविला त्याचे. सच्चिदानंदबाबांचे नाव दुसऱ्या रकान्यात गेले असते. मालकासाठी तेथे रकाना नाही.