फकिराची तलवार आणि तारेचे कुंपण

सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव लोकांच्या तोंडी आजही आहे. त्या नावामागे एके काळी तारेचे खरेखुरे कुंपण होते, हे मात्र नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे अशा कुटुंबांना सोलापुरात कुंपणाआड वसवले गेले. गिरणीत राबायचे, परत कुंपणाआत यायचे आणि हजेरी द्यायची, असे ते जगणे होते. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वाटेगावच्या मांगवाड्यातला हा बहिष्कृत वीर अण्णाभाऊंच्या नात्यातलाच. आज तरुण वाचकांना जादूच्या तलवारींच्या, उडत्या घोड्यांच्या कथा आवडतात. उद्या कुणी 'फकिरा' त्या रीतीने नव्याने सांगितला तर? वडीलधारे म्हणतील, इतिहासाची परीकथा करू नका. ही भीती मला पुरती पटत नाही.

कारण अद्भुताची सामग्री मूळ कादंबरीतच आहे. शिवरायांच्या काळापासून घराण्यात चालत आलेली तलवार आहे, गबऱ्या नावाचा घोडा आहे आणि शेजारच्या गावची जोगणी आणताना शिवेवर प्राण देणारा बाप, राणोजीही आहे.

दुसरा दाखला अरबस्तानातला आहे. सहाव्या शतकातला अंतरा बिन शद्दाद हा अब्स टोळीचा कवी आणि योद्धा. आई जबीबा हबशी गुलाम, म्हणून बाप त्याला मुलगा मानायला तयार नव्हता. टोळीवर हल्ला झाला तेव्हा बापाने त्याला लढायला सांगितले. गुलामाचे काम उंटिणीचे दूध काढण्याचे, लढण्याचे नव्हे, असे उत्तर त्याने दिल्याची कथा आहे. बापाने त्याला स्वतंत्र केले, तेव्हा कुठे त्याने तलवार उचलली. पुढच्या शतकांत कथेकऱ्यांनी त्याच्याभोवती 'सीरत अंतर' ही प्रचंड अद्भुतकथा रचली. त्याला इराणच्या आणि रूमच्या दरबारांत फिरवले. पण आईची गुलामी आणि काळ्या कातडीचा अपमान त्यांनी पुसला नाही. म्हणून ती कथा निव्वळ करमणूक ठरली नाही.

'फकिरा' नव्याने सांगणाऱ्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. फकिरा धान्य लुटतो, कारण दुष्काळात मांगवाडा उपाशी मरतो आहे. तो बंड करतो, कारण गुन्हा नसताना त्याच्या माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागते. सरकारने बायकामुलांना डांबल्यावर तो स्वतः हजर होतो. हे सारे वगळून तलवार आणि घोडा तेवढा उरला, तर फकिरा पुन्हा एकदा दरोडेखोरच ठरेल. इंग्रजांच्या दप्तरात त्याच्यासारख्यांना आणखी कुठली जागा होती?

या कथेशी आपले नाते नावापासूनच आहे. पिराला नवस बोलून झालेल्या मुलाला फकिरा, पिराजी, दस्तगीर अशी नावे ठेवण्याची रीत महाराष्ट्रातल्या गावगाड्यात हिंदू घरांतही होती. याच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा मेहबूब पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. १९४४ मध्ये त्यांनी अण्णाभाऊ आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. मुसलमान शाहीर आणि मांग शाहीर एकाच फडावर उभे राहून कामगारांचे दुःख गात होते.

तेव्हा नव्या लेखकाने खुशाल कल्पनेचा घोडा दौडवावा. गबऱ्याला पंख फुटले तरी हरकत नाही. चावडीवरची हजेरी मात्र त्याने गाळू नये. आपल्याकडेही संशयाने नोंदले जाण्याचा अनुभव नवा नाही. फकिराचे दुःख परके मानण्याचे आपल्याला काही कारण नाही.