राजगृहाच्या वाटेवरचे वाटाडे

बोधगयेहून पहाटे निघायचं, राजगीर पाहायचं, दुपारी नालंदा, जाता-येता सिलावला खाजा घ्यायचा आणि रात्रीच्या जेवणाला परत बोधगयेत. हा एका दिवसाचा फेरा आता इतका ठरून गेला आहे, की गाडीवाला थांबे विचारत नाही, तोच सांगतो : वेणुवन, जीवकाचं आम्रवन, रोपवेनं विश्वशांती स्तूप, गृध्रकूट, गरम पाण्याची कुंडं, मग नालंदेचे विहार. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी हात पुढे करून सांगतं, ‘हीच ती जागा’. ती जागा हीच, हे कुणी ठरवलं, कधी विसरलं आणि पुन्हा कुणी शोधलं, याचा माग काढला तर अडीच हजार वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात महापरिनिब्बानसुत्तात आहे. अखेरच्या दिवसांत बुद्ध आनंदाला सांगतात, की श्रद्धाळूनं चार जागा पाहाव्यात : जन्माची, बोधीची, पहिल्या उपदेशाची आणि परिनिर्वाणाची. म्हणजे लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशिनगर. राजगृह, म्हणजे आजचं राजगीर, या चारांत नाही. पुढे परंपरेनं या यादीत आणखी चार स्थळं घातली, त्यांत ते आलं. आणि यायलाच हवं होतं. बिंबिसाराची ही राजधानी, संघाला पहिलं उद्यान, वेणुवन, इथेच मिळालं, आणि परिनिर्वाणानंतरची पहिली संगीती, म्हणजे भिक्खूंची परिषदही इथलीच.

स्थळदर्शनाला राजमान्यता दिली ती अशोकानं. आठव्या शिलालेखात तो सांगतो, की आधीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार आणि करमणूक करत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना दान द्यायचं, जनपदातल्या लोकांशी बोलायचं, असा त्या यात्रांचा कार्यक्रम होता. हा मजकूर वाचायला मगधात जावं लागत नाही. याच आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आपल्या नालासोपाऱ्यात मिळाला. बोधगयेच्या प्रवासाची बातमी कोकणच्या बंदरात दगडावर कोरलेली होती, ही गोष्ट मराठी माणसानं अभिमानानं माहीत करून घ्यावी अशी आहे.

वाटाड्या पहिल्यांदा दिसतो तो ‘अशोकावदाना’त. हा ग्रंथ अशोकानंतर काही शतकांनी रचला गेला, त्यामुळे ती कथा म्हणूनच घ्यायची. पण कथा फार बोलकी आहे. स्थविर उपगुप्त सम्राटाला घेऊन निघतो आणि लुंबिनीपासून एकेका ठिकाणी उजवा हात पुढे करून सांगतो, की भगवंतांच्या बाबतीत अमुक घडलं ते इथे. राजा नमस्कार करतो, दान देतो, पुढे चालतो. लुंबिनीचा स्तंभलेख मात्र कथा नाही. अभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक तिथे स्वतः आला होता, आणि त्या गावाला त्यानं करात सूट दिली, हे त्या दगडावर आहे.

या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो चिनी भिक्खू फाहियान. इ. स. ३९९ मध्ये तो चीनमधून निघाला, तेही उतारवयात, विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या, ग्रंथांच्या शोधात. राजगृहाच्या नव्या नगरात त्यानं धूप, फुलं, तेल आणि दिवे विकत घेतले आणि तिथे दीर्घकाळ राहिलेल्या दोन भिक्खूंना सोबत घेऊन तो गृध्रकूटावर चढला. तेव्हाही यात्रेकरूला पूजेचं सामान विकणारी दुकानं होती आणि वाट दाखवणारी स्थानिक माणसं होती. वर पोहोचल्यावर त्याला भरून आलं. बुद्ध असताना आपला जन्म झाला नाही, आता नुसत्या त्यांच्या राहण्याच्या खुणा पाहतो आहोत, याचं ते दुःख होतं. त्यानं तिथेच सूत्रपठण केलं आणि रात्र डोंगरावर काढली. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग आला. तो नालंदेत शीलभद्रांपाशी शिकला, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, आणि जिथे गेला तिथली दिशा आणि अंतर त्यानं नोंदवून ठेवलं. राजगृहाच्या उत्तरेला सुमारे ३० ली (ली हे चिनी अंतरमाप) गेलं की नालंदा, असं तो लिहितो. त्या साध्या आकड्याची किंमत कळायला बाराशे वर्षं जायची होती.

मधल्या काळात वाट मोडली. १२३४ ते १२३६ या काळात मगधात आलेल्या धर्मस्वामी या तिबेटी भिक्खूला बोधगयेत मुख्य मूर्तीपुढचं दार विटांनी बुजवलेलं दिसलं. नालंदेत नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक शिष्यांना शिकवत होते. तुर्की सैनिक येत असल्याची बातमी आली तेव्हा बाकीचे पळाले. या परदेशी शिष्यानं म्हाताऱ्या गुरूंना पाठीवर घेतलं आणि लपवलं. नालंदेच्या पडझडीबद्दल पुष्कळ बोललं जातं, या पाठीवरच्या गुरूंबद्दल फारच कमी.

त्यानंतर जागा राहिल्या, त्यांची नावं गेली. नालंदेची टेकाडं बडगावची टेकाडं झाली. १८३६ मध्ये फाहियानाचं आणि १८५७-५८ मध्ये ह्युएनत्संगाचं प्रवासवर्णन फ्रेंचमध्ये आलं, आणि अलेक्झांडर कनिंगहॅमच्या हाती वाटाड्या लागला. १८६१ पासून पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून हिंडताना त्यानं तीच अंतरं मोजत जागा ओळखल्या; बडगाव म्हणजेच नालंदा, हे त्यानं असंच पक्कं केलं. तिथलं मोठं उत्खनन १९१५ ते १९३७ या काळातलं. आज नालंदेत गाइड जे सांगतो, त्याचा मोठा भाग मुळात एका चिनी भिक्खूच्या लेखणीतला आहे. आणि सगळ्या जागा सारख्या पक्क्या नाहीत. पहिल्या संगीतीची सप्तपर्णी गुहा नेमकी कोणती, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. चांगला गाइड हे लपवत नाही.

जागा सापडल्या तशी माणसं परत येऊ लागली. १८९१ मध्ये सिलोनचे अनागारिक धर्मपाल बोधगयेत आले. बुद्धाच्या ओढीनं गोव्याहून निघालेले धर्मानंद कोसंबी नेपाळात निराश होऊन गयेला पोहोचले; तिथे भेटलेल्या भिक्खूच्या सांगण्यावरून ते सिलोनला गेले आणि पाली शिकून परतले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेनंतर तर महाराष्ट्रातून या वाटेला घरंच्या घरं लागली. १९६९ मध्ये राजगीरच्या रत्नगिरीवर जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्या प्रयत्नातून विश्वशांती स्तूप उभा राहिला, आणि या फेऱ्यात रोपवेचा थांबा आला.

हा थांबाच आज दिवसाचा मोठा भाग खातो. रांगेत वेळ जातो, मग गृध्रकूट घाईत उरकतो किंवा राहूनच जातो. शक्य असेल तर एक मुक्काम राजगीरला करा. ज्या दगडी वाटेला बिंबिसाराचं नाव आहे, तिनं पायी गृध्रकूटावर चढा, आणि स्थानिक गाइड घ्या. त्याला योग्य मोबदला द्या, आणि प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न जरूर विचारा : ही जागा हीच, हे कशावरून?